दाढेतलं सिमेंट निघालं, दुखत नाही, डॉक्टरकडे जायला आठ दिवस आहेत : तोवर काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गंगाखेड तालुक्यातल्या एका ताईंच्या आई, वय ५४, शुगरच्या गोळ्या चालू. खालच्या डाव्या दाढेत चार-पाच वर्षांपूर्वी भरलेलं सिमेंट हुरडा खायला शेतात गेल्या असताना रेवडीला चिकटून बाहेर आलं. दुखत नाही, गार पाणी लागलं की सणक जाते एवढंच. परभणीला जाणं आठवडाभर तरी जमणार नाही. शेजारच्या काकू लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवा म्हणतात, मेडिकलवाल्यानं गोळ्यांची पुडी दिली आहे, आणि आईंचं म्हणणं, "दुखत न्हाई तर कामून जायचं?" ताई विचारतात, आठ दिवस थांबलं तर चालेल का, तोवर काय करायचं, आणि परत सिमेंटच भरायचं की आता कॅप बसवावी लागेल?

ताई, आठ दिवस थांबलं तर चालेल. महिना थांबलं तर चालणार नाही. आणि "दुखायला लागल्यावर बघू" हे तर अजिबात नको, कारण दाताच्या बाबतीत दुखणं उशिरा येतं आणि आलं की खर्च घेऊनच येतं. अपॉइंटमेंट मात्र आजच फोन करून घ्या. आठ दिवसांनी फोन करू असं ठरवलं की त्याचे वीस दिवस होतात. संक्रांत येते, लग्नं येतात, हरभरा काढायला येतो.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण माझ्या दवाखान्यात हा प्रश्न रोज येतो. दाताचं वरचं पांढरं कवच शरीरातला सगळ्यांत कठीण भाग. त्याला संवेदना नसते. त्याच्या आत डेंटिन असतं, पिवळसर आणि मऊ, आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या आतल्या नसेच्या दिशेनं गेलेल्या असतात. सिमेंट निघालं म्हणजे हे डेंटिन उघडं पडलं. गार पाण्याची सणक तिथूनच जाते. कवच किडायला वेळ लागतो, डेंटिन भराभर किडतं, आणि किडताना बराच काळ काहीच कळत नाही. म्हणून न दुखणं ही खात्री नव्हे.

उलट आईंना सणक जाते ही बातमी चांगली आहे. गार लागलं, दोन-चार सेकंद सणक गेली आणि लगेच थांबली, तर नस जिवंत आहे आणि बहुधा धडही आहे. असा दात नुसता भरून वाचतो. पण गार किंवा गोड लागल्यावर मिनिटभर ठणकत राहिलं, रात्री आडवं झाल्यावर आपोआप कळ यायला लागली, गरम चहानं ठणका उठतो आणि तोंडात गार पाणी धरलं की बरं वाटतं असं झालं, तर नस सुजली आहे आणि ती बहुतेक मूळपदावर येत नाही. रूट कॅनालची, म्हणजे आतली नस काढून मुळं साफ करून भरायची, तयारी ठेवायची. चावल्यावर किंवा बोटानं टिचकी मारल्यावर दुखत असेल तर त्रास मुळाच्या टोकापर्यंत पोचला आहे. आणि चार दिवस ठणकून दाढ एकदम शांत झाली, तर खुश होऊ नका. पुष्कळदा ती नस मेलेली असते, आणि त्यानंतर काही महिन्यांनी पेशंट येतो तो गालफड सुजवून.

आठ दिवसांत यातली कोणती अवस्था आहे यावर लक्ष ठेवा. दुसऱ्या प्रकारची कळ सुरू झाली तर आठवड्याची वाट न बघता निघा.

आता निघालेला तुकडा. तो कसा आहे ते बघा. दाताच्या रंगाचा किंवा मातकट पांढरा, खडूसारखा चुरणारा असेल तर ते सिमेंटच. काळपट चंदेरी असेल तर जुनी चांदी. आणि तुकड्याची एक बाजू गुळगुळीत, चकचकीत, दाताच्या भिंतीसारखी दिसत असेल, तर सिमेंटबरोबर दाढेचा टवकाही उडाला आहे. हे फोनवर डॉक्टरांना सांगा, कारण त्यावर ते लागणारा वेळ ठरवतात. सिमेंटचा तुकडा परत बसवता येत नाही, तो जपून ठेवायची गरज नाही. हां, निघालेली वस्तू आतून पोकळ टोपीसारखी असेल तर ती कॅप आहे. ती धुऊन डबीत ठेवा आणि जाताना बरोबर न्या. पुष्कळदा तीच परत चिकटवता येते आणि नवीन कॅपचे पैसे वाचतात. कागदात गुंडाळून पदराला बांधलेल्या कॅपा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. चावून चपट्या झालेल्याही.

तुकडा गिळला गेला असेल तर घाबरू नका, सहसा शौचावाटे निघून जातो. फक्त त्या वेळी जोराचा ठसका लागला असेल आणि नंतर खोकला, छातीत घरघर किंवा दम लागणं सुरू राहिलं असेल, तर तो श्वासनळीत गेला असण्याची शक्यता असते. मग दाताचं राहू द्या, आधी मोठा दवाखाना गाठा.

चांदीबद्दल एक वेगळी गोष्ट, ती कुणी सांगत नाही. चांदी म्हणून जे भरलं जायचं त्यात सुमारे निम्मा पारा असतो. दातात घट्ट बसलेली असताना, किंवा तुकडा चुकून गिळला गेला तरी, काळजीचं कारण नाही. पण "चांदी आहे, सोनाराला दाखवू" म्हणून ती तापवायची नाही, चुलीतही टाकायची नाही. तापल्यावर पाऱ्याची वाफ निघते आणि ती छातीत जाणं धोक्याचं. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला, भारत २०१८ मध्ये त्यात सामील झाला, आणि आता बहुतेक दवाखान्यांत चांदी भरणं जवळपास बंदच झालं आहे. म्हणून "डॉक्टर, पहिल्यासारखी चांदीच भरा, ती टिकती" असा हट्ट धरू नका. टिकते हे खरं, पण आता पर्याय चांगले आहेत.

तोवर दाढ कशी सांभाळायची? मुख्य काम स्वच्छता. दर जेवणानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून खळखळून चुळा. मऊ ब्रशनं दोन वेळा घासणं चालू ठेवायचं, खड्ड्यातसुद्धा, फक्त हलक्या हातानं. सिमेंट पडलं की लोक त्या बाजूनं घासणंच सोडतात, आणि आठ दिवसांत तिथं अन्न कुजून हिरडी सुजते. मग मला दाढेचं काम बाजूला ठेवून आधी हिरडीकडे बघावं लागतं. खड्ड्यात अडकलेलं अन्न टाचणी, सुई, काडेपेटीची काडी यांनी उकरायचं नाही. झाडूची काडीसुद्धा नाही. चुळेनं निघत नसेल तर दातांचा धागा (फ्लॉस), नाहीतर परत चूळ.

जेवण उजव्या बाजूनं. आईंना भाकरी सोडायला सांगू नका, त्या सोडणार नाहीत, आणि गरजही नाही. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून खाल्ली की झालं. आठ दिवस खरं बंद ठेवायचं ते म्हणजे रेवडी, तिळाची वडी, चिक्की, खारीक, सुपारी, भाजलेले हरभरे आणि दातांनी सोलून खाल्लेला ऊस. चिकट आणि कडक, दोन्ही. सिमेंट निघालेल्या दाढेच्या भिंती आतून पोखरलेल्या आणि बिनआधाराच्या असतात. एक खडा लागला की उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली तर ती दाढ कुणीच वाचवू शकत नाही. एका सुपारीपायी दाढ गेलेली मी पाहिली आहे.

लवंगेच्या तेलाबद्दल काकू अगदीच चुकीचं सांगत नाहीत. लवंगेत युजेनॉल असतं, त्यानं नस काही वेळ शांत होते. आम्ही वर्षानुवर्षं जे तात्पुरतं सिमेंट वापरतो त्यातही युजेनॉलच असतं. पण तेल वापरायची रीत चुकते. कापसाचा ज्वारीच्या दाण्याएवढा बोळा, त्यावर एक थेंब, मग तो कोरड्या कापसावर दाबून जास्तीचं तेल टिपून घ्यायचं आणि चिमट्यानं फक्त खड्ड्यात ठेवायचा, काही मिनिटांनी काढून टाकायचा. बाटलीतून थेट ओतलं की हिरडी आणि गाल भाजतात, पांढरे चट्टे पडतात. बोळा ठेवून झोपायचं नाही. लहान मुलांना तर हे तेल घरी लावूच नका, पोटात गेलं तर विषबाधा होऊ शकते. तुमच्या आईंना सतत दुखत नाही, त्यामुळे त्यांना बोळ्याची गरजच नाही. आणि लावलंच असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. युजेनॉलमुळे दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट नीट घट्ट होत नाही. माहीत असलं की आम्ही खड्डा आधी नीट साफ करतो किंवा भरायचा पदार्थ बदलतो.

मिश्रीबद्दल लिहिणं भाग आहे, कारण आईंच्या वयाच्या निम्म्याअधिक बायका माझ्याशी त्याबद्दल खोटं बोलतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. लावल्यावर दाढ जरा बधिर वाटते, म्हणून दाढ दुखली की हात डबीकडे जातो, आणि आठ दिवसांसाठी म्हणून लावलेली मिश्री सुटत नाही. उघड्या दाढेत तर ती भरायचीच नाही. गुटखा, तंबाखू खाणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. तोंडाच्या आतलं कातडं आवळत जातं, तोंड उघडायचं कमी होतं, आणि मागच्या दाढेपर्यंत आमचं हत्यारच पोचत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांची तोंडं बघितली तर तसं वाटत नाही.

फेविक्विक नको, एमसील नको, मेणबत्तीचं मेण वितळवून ओतणं नको, कणीक नको, चुना नको. दाढेशेजारी हिरडीवर गोळी ठेवून झोपणं हाही एक जुना उद्योग आहे. त्यानं दुखणं थांबत नाही, हिरडी जळते. हे सगळं मी पेशंटच्या तोंडात पाहिलेलं आहे, म्हणून एवढं नाव घेऊन सांगते.

घरी तात्पुरतं भरायचं तयार मिश्रण मोठ्या मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळतं. तालुक्याच्या ठिकाणी मिळेलच असं नाही, आणि नाही मिळालं तर जिवाला लावून घेऊ नका; खड्डा स्वच्छ ठेवला तर आठ दिवस उघडा राहिलेला चालतो. मिळालं तर ब्रश करून, चूळ भरून, खड्डा कापसानं कोरडा करायचा, ओल्या बोटानं छोटी गोळी करून आत दाबायची, दोन-तीनदा हलकं चावायचं म्हणजे वरचं जास्तीचं बाजूला येतं, ते पुसून घ्यायचं. ते लाळेनं घट्ट होतं. पण ठणका असेल, सूज असेल, खड्ड्यातून घाण वास किंवा पू येत असेल तर असं काहीही भरून खड्ड्याचं तोंड बंद करायचं नाही. आतला दाब बाहेर पडायची वाट बंद होते आणि रात्री अंगावर काटा येईल इतकं दुखतं.

दाढेचा काठ धारदार झाला असेल आणि जिभेला घासत असेल, तर दातांना तारा लावलेल्या मुलांना जे मऊ मेण देतात ते काठावर दाबून ठेवा. हे किरकोळ वाटतं, पण रोज घासून झालेली जखम दुर्लक्षित राहते. काठ घासून गुळगुळीत केल्यावर अशी जखम दोन आठवड्यांत भरली पाहिजे. नाही भरली, आणि मिश्री-तंबाखूची सवय असेल, तर सिमेंटचा विषय मागे पडतो. ती जखम आधी तपासून घ्यायची.

पुडीतल्या गोळ्या. मेडिकलवाल्याचा हेतू चांगला असतो, पण त्या पुडीत बहुधा एक अँटिबायोटिक, एक दोन-तीन औषधं एकत्र असलेली दुखण्याची गोळी आणि एक ॲसिडिटीची गोळी असते. आईंना सूज नाही, ताप नाही. त्यांना अँटिबायोटिकची गरज नाही. अँटिबायोटिकनं दाढेतला खड्डा भरत नाही, किडलेला भाग निघत नाही, सुजलेली नसही शांत होत नाही. उगाच दोन-तीन दिवस घेऊन सोडली तर पुढं खरी गरज पडेल तेव्हा तिचा उपयोग कमी झालेला असतो. दुखलंच तर पॅरासिटामोल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, फार दुखलं तर दोन, मध्ये किमान सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत सहाच्या वर नाही. पुडीतल्या एकत्र गोळीतही पॅरासिटामोल असू शकतं, तेव्हा दोन्ही मिळून मोजायचं. लिव्हरचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हीसुद्धा नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक या गोळ्या शुगर-बीपीच्या पेशंटनं मनानं घेऊ नयेत, किडनीवर ताण येतो. पोटात अल्सर, दमा, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण किंवा डेंग्यूची शंका असेल तर तसंच.

आता ज्याला थांबायचंच नाही ते. गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला त्रास, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. सूज गळ्याकडे उतरायला लागली, थुंकी गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी झाली, आवाज बदलला, श्वासाला त्रास व्हायला लागला किंवा डोळा सुजून बंद व्हायला लागला, तर दातांचा दवाखाना शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन करून थेट मोठं रुग्णालय. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखालच्या आणि गळ्याच्या जागेत पसरला तर काही तासांत श्वास कोंडू शकतो. शुगर असलेल्यांमध्ये संसर्ग लवकर पसरतो, म्हणून तुमच्या घरी ही खूण जरा जास्तच लक्षात ठेवायची. आणि सुजेला बाहेरून शेक, लेप, गरम मिठाची पुरचुंडी यातलं काही नको.

शुगरचं आणखी थोडं. दवाखान्यात जायच्या दिवशी आईंनी नेहमीसारखं जेवून आणि गोळी घेऊनच निघायचं. दात भरायचाय म्हणून उपाशी येतात, आणि खुर्चीत चक्कर येते. अलीकडचा शुगरचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पानं बरोबर घ्या. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मनानं बंद करायची नाही, फक्त सांगायचं.

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते आता. दवाखान्यात गेल्यावर बहुतेक जण म्हणतात, "डॉक्टर, सिमेंट पडलंय, परत भरून द्या." मी म्हणेन, आधी विचारा की ते पडलं का. रेवडीनं पडलं हे फक्त शेवटचं निमित्त. धड बसलेलं सिमेंट रेवडीला दाद देत नाही. ते आधीच सुटं झालेलं होतं.

पहिलं आणि नेहमीचं कारण म्हणजे सिमेंटच्या कडेखाली पुन्हा लागलेली कीड. सिमेंट आणि दात यांच्या फटीतून जिवाणू आत जातात, खालचा दात मऊ होतो आणि वरचं सिमेंट जसंच्या तसं असूनही त्याचा आधार जातो. अशा खड्ड्यात नुसतं नवीन सिमेंट भरणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला वरून रंग मारणं. सहा महिन्यांत परत तेच. दुसरं कारण, भरताना दात कोरडा नव्हता. खालच्या मागच्या दाढेशेजारी जीभ वळवळते, लाळ साचते, आणि कॉम्पोझिटला थेंबभर लाळही चालत नाही. पेशंट मध्येच तोंड बंद करतो, थुंकायला उठतो, डॉक्टरांच्या बाहेर बारा नंबर बसलेले असतात. दोन्हीकडची घाई त्या सिमेंटमध्ये उतरते. तिसरं, खड्डा मोठा आणि भरलेला पदार्थ हलका. ग्लास आयोनोमर म्हणून जे पांढरं सिमेंट असतं ते स्वस्त, सोयीचं, दाताला आपणहून चिकटणारं आणि थोडं फ्लोराइड सोडणारं. पण रोज ज्वारीची भाकरी चावणाऱ्या दाढेच्या माथ्यावर, मोठ्या खड्ड्यात, ते झिजतं आणि फुटतं. तिथं त्याच्याकडून दहा वर्षांची अपेक्षा धरणं चूक. चौथं, रात्री झोपेत दात खाण्याची सवय. घरच्यांना आवाज येतो, पेशंटला पत्ता नसतो. तशी सवय असेल तर आवर्जून सांगा, नाहीतर कितीही चांगलं भरलं तरी निघणार.

आपल्या भागात एक कारण जास्तीचं आहे. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या तालुक्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं आणि दुसरी सोयच नसेल तर फार तर १.५. लहानपणापासून असं पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे, तपकिरी डाग आणि खड्डे असतात. कॉम्पोझिट चिकटवण्याआधी आम्ही दातावर सौम्य ॲसिड लावून पृष्ठभाग खरबरीत करतो. डाग पडलेल्या दातावर ते नीट काम करत नाही, जास्त वेळ ठेवावं लागतं किंवा वरचा थर किंचित घासावा लागतो. नेहमीच्या वेळात उरकलं की सिमेंट निघतं. तुमचं किंवा आईंचं माहेर अशा भागातलं असेल तर सांगायला विसरू नका.

आता कॅप की सिमेंट. एक्स-रे काढल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही, आणि एक्स-रे न काढता कुणी दिलं तर तुम्हीच म्हणा, "एक फोटो काढून बघू या का?" कीड नसेपासून किती लांब आहे, मुळाच्या टोकाला काही आहे का, हे त्यातच दिसतं. पण ढोबळ हिशोब असा. खड्डा मध्यभागी, चारही भिंती जाड आणि शाबूत, तर कॉम्पोझिट भरून घ्या. ते साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत भरतात आणि प्रत्येक थर निळ्या प्रकाशानं घट्ट करतात, म्हणून वेळ लागतो. वेळ लावणाऱ्या डॉक्टरवर चिडू नका. एखादी भिंत पडली असेल तर अजूनही कॉम्पोझिट चालतं, किंवा बाहेर लॅबमध्ये बनवून आणलेला तुकडा चिकटवतात; तो मला अशा दाढेसाठी जास्त पसंत आहे. दोन-तीन भिंती गेल्या असतील किंवा रूट कॅनाल करावं लागलं, तर कॅप. रूट कॅनाल झालेली दाढ आतून पोकळ आणि कमकुवत झालेली असते, कॅपशिवाय ती चिरते. इथं लोक पैसे वाचवतात आणि दाढ घालवतात. चार-पाच वर्षं टिकलेलं सिमेंट आणि फक्त सेकंदभराची सणक, एवढ्यावरून तुमच्या आईंचं काम कॉम्पोझिटवर भागेल असा माझा अंदाज आहे. लवकर गेलात तर.

रूट कॅनालचा विषय निघाला म्हणून. ज्यांचं पडलेलं सिमेंट हे रूट कॅनालच्या दोन बैठकींमधलं तात्पुरतं सिमेंट आहे, त्यांच्यासाठी वरचं "आठ दिवस चालेल" लागू नाही. त्यांनी एक-दोन दिवसांत जायचं. साफ केलेली मुळं उघडी पडलेली असतात, लाळेतले जिवाणू सरळ आत जातात आणि केलेलं काम वाया जातं. बीड, धारूर, केज, पाटोद्याकडच्या ऊसतोड करणाऱ्या कुटुंबांत हे फार होतं. दिवाळीच्या सुमारास पहिली बैठक होते, ठणका थांबतो, मग टोळी निघते, आणि माणूस थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतो. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतं असतं, पाच महिन्यांचं नाही. जायचंच असेल तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, "आम्ही अमुक तारखेला कारखान्यावर जाणार." मग काम त्याआधी उरकता येतं, निदान टिकाऊ सिमेंट भरून देता येतं. आणि एक्स-रे व चिठ्ठी बरोबर ठेवली तर सांगली-कोल्हापूरकडचा डॉक्टरही पुढचं काम करू शकतो.

कुठं जायचं? परभणीला डॉक्टर आहेतच. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात चौकशी करा. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातूर आणि नांदेडलाही दंत महाविद्यालयं आहेत. तिथं विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च कमी आणि वेळ जास्त लागतो, पण काम मन लावून होतं. बाजारच्या दिवशी पाल टाकून बसणाऱ्या दातवाल्याकडे मात्र जाऊ नका. कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय दातांवर उपचार करता येत नाहीत. ते लोक कवळी बनवायचं प्लॅस्टिक कीड न काढताच दाढेत आणि हिरडीवर थापतात; ते काढताना आम्हाला दात वाचवणं कठीण जातं. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले "किडे" वाटीत पाडून दाखवणारेही अजून आहेत. दाढ जिवाणूंनी किडते, अळ्यांनी नाही; वाटीतलं जे दिसतं ते तुमच्या दाढेतलं नसतं.

लहान मुलांचं सिमेंट पडलं तर "दुधाचा दात आहे, पडणारच" म्हणून सोडू नका, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. आणि सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यांत मागे येणारी दाढ दुधाची नसतेच, ती कायमची असते. गरोदर बाईनं डॉक्टरांना महिना सांगावा. मधले तीन महिने कामासाठी सोयीचे, पण ठणका किंवा सूज असेल तर कुठल्याही महिन्यात उपचार होतात.

काम झाल्यावर दोन गोष्टी बघा. इंजेक्शन दिलं असेल तर बधिरपणा उतरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, आईंना खायला देऊ नका. गाल चावला गेला तरी कळत नाही. ग्लास आयोनोमर भरलं असेल तर त्या बाजूनं दुसऱ्या दिवसापासून चावलेलं बरं. थोडी सणक काही दिवस राहू शकते, ती कमी-कमी होत जायला हवी. पण दात मिटल्यावर ती दाढ आधी टेकते, उंच लागते असं वाटलं, तर "सवय होईल" म्हणून बसून राहू नका, दाढ दुखायला लागते. दोन-तीन दिवसांत परत जा. घासून द्यायला पाच मिनिटं लागतात, आणि त्याचे पैसे सहसा कुणी घेत नाही.